सुईवरचा आळ

मित्रांनो, भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या करडी गावात एका शेतकऱ्याच्या घरी, ओसरीला लागून असलेल्या खोलीत, जाड कापडाखाली झाकलेला एक जुना रेकॉर्ड प्लेअर तुम्हाला दिसेल. तो मी.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे यंत्र कधी वाजताना पाहिले नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. मला एक गोल फिरणारे ताट आहे. त्यावर गाण्याची काळी तबकडी ठेवतात. बाजूला एक सडपातळ भुजा आहे. भुजेच्या टोकाला माझे डोके आहे, कारागीर त्याला कार्ट्रिज म्हणतात. आणि डोक्याखाली सुई. तिचे टोक मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. तबकडीवरच्या बारीक चरीतून ती फिरते, आणि तिच्या थरथरीचे गाणे होते. माझा सगळा जीव त्या सुईत आहे.

एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी नागपूरच्या एका दुकानात आलो. तिथे मला इश्वरभाऊंनी पाहिले. तेव्हा ते नुकतीच मिसरूड फुटलेले तरुण होते. स्टेशनापासून गावापर्यंत त्यांनी मला बैलबंडीत, धानाच्या तणशीवर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, बसवून आणले. बंडीचे चाक खड्ड्यात गेले की ते मला पोटाशी धरत. गावात पोचेपर्यंत त्यांच्या अंगाला तणस आणि माझ्या अंगाला त्यांचा घाम लागला होता.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. लग्न असो, बारसे असो, मला बोलावणे येई. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, मिठाईची आणि खेळण्यांची दुकाने लागतात, रात्री दंडार या लोकनाट्याचा खेळ होतो. करडीच्या मंडईची सुरुवात माझ्यावर वाजणाऱ्या पहिल्या तबकडीने होई. इश्वरभाऊ उभे राहत, भुजा उचलत आणि सुई अशी अलगद टेकवत की ती केव्हा टेकली हे मलाही कळत नसे. लोक म्हणत, "इश्वरचा हात म्हणजे कापूस."

त्या हाताशिवाय दुसऱ्या कोणाचा हात मला लागत नसे. घरच्या सत्यभामाबाईंनाही परवानगी नव्हती. त्या धूळ झटकताना माझ्या टेबलापाशी येऊन थांबत आणि फडके बाजूने फिरवून निघून जात. पुढे कॅसेट आली, मग मोबाइल आला. माझे काम मंडईपुरते उरले. तरी मी तक्रार केली नाही.

मात्र या पावसाळ्यात जे घडले, त्याने मी हादरलो.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. इश्वरभाऊंनी दुपारी माझे कापड काढले, तबकडी ठेवली आणि भुजा उचलली. माझ्या सुईला त्यांच्या बोटांची सवय होती. पण त्या दिवशी ती बोटे ओळखीची वाटली नाहीत. ती थरथरत होती. सुई तबकडीच्या काठावर आदळली, उसळली आणि खर्रकन आतपर्यंत घसरत गेली.

सत्यभामाबाई सूप हातात घेऊन दारात आल्या. "काय झालं वो?"

इश्वरभाऊंनी हात चटकन पाठीमागे घेतला. "मशीन बिघडली. सुई गेली."

त्यांनी मला कापडाखाली झाकले आणि पुन्हा उघडले नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगू लागले, मशीन बिघडली. मित्रांनो, खरे सांगायचे तर माझ्यातही दोष होते. सुईवर धूळ साचून आवाज खरखरीत झाला होता आणि दोनपैकी एका भोंग्यातून आवाजच येत नव्हता. पण सुई घसरली ती माझ्यामुळे नव्हे. आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते.

सत्यभामाबाई मात्र पाहत होत्या. इश्वरभाऊ आता चहा अर्धा कपच घेत आणि तोही पाठ फिरवून पीत. सदऱ्याची वरची बटणे उघडीच राहत. लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला, तेव्हा गुडघा दुखतो असे सांगून ते बांधावर बसून राहिले, विळ्याला हात लावला नाही. एकदा सत्यभामाबाईंनी सरळ विचारले, "हात काहून थरथरते तुमचा?"

"थंडी वाजून राहिली," इश्वरभाऊ म्हणाले. त्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता.

दवाखान्याचे नाव काढले की ते उठून बाहेर जात. नागपूरहून मुलगा सचिन फोनवर विचारी, तेव्हा ते पावसाच्या आणि धानाच्या गोष्टी सांगत. माझ्या कापडाखालून मला सगळे ऐकू येई. घरात भांडण नव्हते, पण दोघांच्या बोलण्यात एक जागा अशी होती की तिथे आले की दोघेही थांबत.

मंडई तोंडावर आली, तेव्हा लिलाधर घरी आला. तो ढिवराचा. एरवी तलावात जाळे टाकतो आणि मंडईच्या दिवसांत मंडप, भोंगे लावतो. ओसरीवर बसत तो म्हणाला, "काकाजी, पयली रेकॉर्ड तुमचीच लागते जी. मशीन केव्हा नेऊ?"

"मशीन बिघडली. सुई घसरते."

"मंग सुईच्या डोक्यावर रुपयाचा एक शिक्का ठेवा ना. वजन पडलं का घसरत नाई. पयले सारेच ठेवत."

इश्वरभाऊंचा चेहरा एकदम कडक झाला. "शिक्का ठेवला का सुई रेकॉर्डले नांगरून टाकते. माया मशीनवर असले धंदे नाई झाले कधी." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "औंदा फोनवरून लाव."

आत चुलीपाशी बसलेल्या सत्यभामाबाईंचा हात थांबला. फोनवरून लाव, हे शब्द त्यांनी या माणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "लिलाधर, उद्या सांजपर्यंत थांब बाबू. मंग सांगतो."

लिलाधर गेला. सत्यभामाबाई इश्वरभाऊंसमोर बसल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण मला त्यात धार जाणवली.

"मशीन बिघडली म्हनता न? मंग आपन ते नीट करू. तुमी सांगा, मी करतो. मशीन नीट झाल्यावर सुई तुमी ठेवा. ठेवली बराबर, त मी दवाखान्याचं नाव काढनार नाई. पन नीट झालेल्या मशीनवर बी सुई घसरली, त भंडाऱ्याले जायचं. डाक्टरकडं."

नाही म्हणावे तर लपवलेले उघडे पडत होते. हो म्हणावे तरी तेच. शेवटी इश्वरभाऊ म्हणाले, "पाय मंग करून."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला उजेड आल्यावर मला खिडकीपाशी आणले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सत्यभामाबाई माझ्यासमोर बसल्या. इश्वरभाऊ खाटेवर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"पयले बटन बंद कर. मशीनचं बी, आवाजाच्या डब्याचं बी. भुजा खुंटीत अडकव."

त्यांनी माझे आणि शेजारच्या ॲम्प्लिफायरचे बटण बंद केले, भुजा अडकवली. मग पेपर वाचायचे भिंग घेऊन त्या माझ्या सुईवर वाकल्या. "अगो बाई. दाढी उगवली हिले."

खरेच होते. तबकड्यांवरची धूळ आणि कापडाचे तंतू सुईला गुंडाळले गेले होते. सत्यभामाबाईंनी सवयीने पदराचे टोक बोटाला लपेटले आणि पुढे नेले.

"पदर नोको. बोट बी नोको. धाग्यात अडकली का सुईची दांडी वाकते. फुंकू बी नोको, थुकी उडते. त्या डबीत बुरुश आहे."

मऊ केसांचा एक छोटा ब्रश निघाला. "मागून पुढं. रेकॉर्ड ज्या दिशेनं जाते त्या दिशेनं. उलटं नोको, आडवं त बिलकुल नोको."

पहिला स्पर्श झाला तेव्हा मी आक्रसून गेलो. हा हात अनोळखी होता. तांदळातले खडे वेचणारा, शेणाने अंगण सारवणारा, कामाने जाड झालेला हात. पण ब्रश जेमतेम टेकला आणि पुढे निघून गेला. पुन्हा मागून पुढे. धुळीची गुंडी सुटून खाली पडली. टोकावर एक काळा कण चिकटून राहिला. इश्वरभाऊंच्या सांगण्यावरून त्यांनी ब्रशच्या नुसत्या टोकाला स्पिरिट लावले, जास्तीचे कापसावर टिपून घेतले आणि पुन्हा एकदा फिरवला. कण गेला. सुई वाळू दिली. भिंगातून पाहून त्या म्हणाल्या, "दांडी सरळ आहे. मोडली नाई, वाकली नाई."

सुई गेली, असे सांगणारे इश्वरभाऊच होते.

"आता एका भोंग्यातून आवाज काहून येत नाई?"

"आवाजाच्या डब्यामागं मशीनच्या दोन तारा आहेत. अदलाबदल कर. मुकेपना दुसऱ्या भोंग्यात गेला, त खोट मशीनमधी. तिथंच रायला, त भोंग्यात."

त्यांनी तारा बदलल्या. मग बटणे चालू करून, आवाज अगदी कमी ठेवून, ब्रशने माझ्या सुईच्या टोकाला हलकेच शिवले. एका भोंग्यातून खस् असा आवाज आला, आणि तो कालपर्यंत मुका असलेला भोंगा होता. दुसरा आता मुका झाला होता. म्हणजे खोट माझ्यातच होती. मी शरमलो. पण सत्यभामाबाईंचा चेहरा उजळला, कारण खोट सापडत होती.

बटणे पुन्हा बंद झाली. "डोकं काढ. मागं चार रंगाच्या बारीक तारा आहेत. कोनती ढिली आहे ते पाय."

त्यांनी डोके भुजेतून सोडवून डाव्या हातात धरले आणि भिंगाखाली नेले. "लाल ढिली आहे. खिळ्यावरून सरकली. दाबून देतो."

असे म्हणून त्यांनी अवजारांच्या डब्यातून लोखंडी पेचकस उचलला.

मित्रांनो, माझ्या सुईच्या मुळाशी एक कणभर लोहचुंबक असतो. लोखंड जवळ आले की तो चुंबक त्याला ओढतो. हात कितीही जपून चालवा, शेवटच्या क्षणी पेचकस आपोआप झेप घेतो आणि सुईची दांडी काडीसारखी मोडते. म्हणून तारांना हात लावण्याआधी सुई काढून बाजूला ठेवायची असते. इश्वरभाऊ दर वेळी आधी तेच करत. आज मात्र त्यांनी ते सांगितले नव्हते. ते विसरले की मुद्दाम बोलले नाहीत, हे मला आजही ठाऊक नाही.

पेचकस जवळ येऊ लागला. मी इश्वरभाऊंकडे पाहिले. त्यांनी पेचकस पाहिला होता. त्यांना सगळे कळले होते. ते गप्प राहिले असते तर सुई मोडली असती, आणि मग मशीन खरोखरच बिघडली असती. परीक्षा टळली असती. डॉक्टर टळला असता. मंडईत कोणी काही विचारले नसते. आळ माझ्यावर कायमचा बसला असता आणि त्यांचे गुपित माझ्याबरोबर कापडाखाली गेले असते.

त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मांडीखालचे हात थरथरत होते आणि त्या थरथरीने खाट बारीक कुरकुरत होती. पेचकसाचे टोक आता बोटभर अंतरावर होते. चुंबकाला त्याची चाहूल लागली. मला ती ओढ जाणवली.

"थांब."

आवाज इतका बारीक होता की सत्यभामाबाईंना तो आधी कळलाच नाही.

"थांब सत्यभामा. लोखंड नोको. आत चुंबक आहे, दांडी मोडन. पयले सुई काढ. सरळ पुढं ओढ, वाकडी नोको."

सत्यभामाबाईंनी पेचकस हळूच मागे घेतला, दूर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिले. त्या अडाणी नव्हत्या. या माणसाने आत्ता काय वाचवले आणि काय गमावले, हे त्यांना समजले. पण त्या एवढेच म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं."

पुढचे काम सोपे होते. सुई काढून वाटीत ठेवली. लाल तार लाकडी काडीने दाबून खिळ्यावर नीट बसवली. बाकीचे काळवंडलेले खिळे स्पिरिटच्या कापसाने पुसून वाळू दिले. सुई परत बसवली, डोके भुजेत घातले, मागच्या वजनाची चकती फिरवून इश्वरभाऊंनी सांगितले तिथे आणली. आवाजाच्या डब्यामागच्या तारा पुन्हा आपापल्या जागी लावल्या. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठा सारला.

मग सत्यभामाबाई बाजूला झाल्या. "आता तुमी."

तबकडी फिरू लागली. इश्वरभाऊ उठले. त्यांनी भुजेला बोट लावले आणि ती वर उचलली. सुई तबकडीच्या काठावर आली. खाली काळी चर चकाकत फिरत होती, वर सुई डावी-उजवीकडे हेलकावत होती. सत्यभामाबाईंनी टेबलाची कड धरली होती. त्यांच्या मनात काय चालले असेल? हात स्थिर व्हावा, असेही त्यांना वाटत असणार. तो स्थिर होऊ नये, म्हणजे माणूस एकदाचा दवाखान्यात जाईल, असेही वाटत असणार.

इश्वरभाऊंनी डाव्या हाताने उजवे मनगट पकडले. थरथर थांबली नाही, ती दोन्ही हातांत पसरली. मी वाट पाहत होतो, आदळण्याची.

पण त्यांनी सुई खाली सोडली नाही. त्यांनी भुजा तशीच मागे नेली, मोठ्या कष्टाने खुंटीवर ठेवली.

"तू ठेव."

"मी?"

"मशीन नीट झाली का नाई, ते त पायलं पायजे."

सत्यभामाबाईंनी हात लुगड्याला पुसला. भुजा उचलली. त्यांचाही हात भीतीने अवघडला होता, पण तो थरथरत नव्हता. सुई टेकली. टप् असा छोटा आवाज आला, थोडी सळसळ झाली आणि गाणे सुरू झाले. दोन्ही भोंग्यांतून, स्वच्छ.

इश्वरभाऊ उभ्याउभ्याच ऐकत राहिले. कडवे संपल्यावर ते म्हणाले, "मशीन नीट आहे."

मग थोड्या वेळाने, "बिघाड माया हातात आहे."

सत्यभामाबाईंनी कितीतरी दिवस बोलायचे म्हणून साठवून ठेवले होते. ते बाजूला ठेवून त्यांनी इश्वरभाऊंच्या सदऱ्याची उघडी बटणे लावून दिली.

मंडईच्या दिवशी लिलाधरने मला मंडपात नेले. भोंगे बांधले, तारा जोडल्या. समोर सगळे गाव आणि पाहुणे बसले होते. सत्यभामाबाई माझ्यामागे उभ्या होत्या. इथे सुई घसरली असती तर ती खरखर तलावापलीकडे ऐकू गेली असती. लोक कुजबुजू लागले, इश्वर काहून उभा नाही?

इश्वरभाऊंनी लिलाधरच्या हातून माइक घेतला. तो त्यांच्या हातात हलत होता. त्यांनी हात लपवला नाही.

"औंदा सुई सचिनची माय ठेवन," ते म्हणाले. "माया हात थरथरते. भंडाऱ्याले डाक्टरले दाखवाचं आहे."

कोणी खाली पाहिले, कोणी एकमेकांकडे. मग पुढच्या रांगेतले म्हातारे सोमाजी शेजारच्याला मोठ्याने विचारू लागले, "काय म्हनून राहिला?" शेजाऱ्याने कानात सांगितले. सोमाजी म्हणाले, "हात होय का. माये त कान गेले, मी कोनाले सांगतलं?"

लोक हसले. इश्वरभाऊही हसले. सत्यभामाबाईंनी ब्रश मागून पुढे एकदा फिरवला आणि भुजा उचलली. सुई टेकली ती सरळ चरीत.

आता इश्वरभाऊ भंडाऱ्याच्या डॉक्टरांचे औषध घेतात. थरथर गेलेली नाही, पण कमी झाली आहे. चहा ते पूर्ण कप घेतात आणि सांडला तर सांडू देतात. माझी साफसफाई सत्यभामाबाई करतात. इश्वरभाऊ बाजूला बसून सूचना देत राहतात, आणि त्या कधी ऐकतात, कधी "मले मालूम आहे" म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे यंत्र असेल तर त्याची सुई बोटाने पुसू नका, तिच्याजवळ लोखंड नेऊ नका, वजन ठेवून तिला दाबू नका. काही बिघडलेच तर एकेक करून पाहा. सुई पाहा, तार पाहा, भोंगा पाहा. घाई करू नका. आणि सगळे नीट निघूनही गाणे लागत नसेल, तर ते लावणाऱ्या माणसाकडे बघा. तो रागावेल, पाठ फिरवेल, थंडी वाजते म्हणेल. तरी त्याच्याजवळ बसा. यंत्रावर आळ घेणे सोपे असते, कारण ते उलट बोलत नाही. पण माणसेही आपले खरे दुखणे नेहमी बोलत नाहीत, आणि ते झाकायला त्यांना तर कापडही लागत नाही.